सरकारी हॉस्पिटलमध्ये रोबोटिक सर्जरी सुरू करायचीय? आधी तिसऱ्या वर्षाच्या पैशांचं बघा

"मॅडम, रोबोटचा प्रस्ताव द्यायचाय, स्पेसिफिकेशन पाठवता का?" हा फोन मला आता महिन्याआड येतो. (रोबोट म्हणजे सर्जन कन्सोलवर बसून ज्याचे आर्म, म्हणजे यांत्रिक हात, चालवतो ते ऑपरेशनचं मशीन.) मी विचारते वर्षाला केसेस किती होतील, वॉरंटी संपल्यावर मेंटेनन्स बजेटच्या कुठल्या हेडमधून, इन्स्ट्रुमेंट धुणार कोण, आणि समोरून उत्तर येतं की ते नंतर बघू, आधी मशीन तर येऊ दे. स्पेसिफिकेशन ही खरं तर सहावी पायरी आहे आणि आपल्याकडे सगळे तिथूनच सुरुवात करतात, म्हणून हे सगळं एकदा नीट क्रमाने लिहून काढतेय.

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे, खरेदी समित्यांमध्ये बसते आणि इन्स्टॉलेशनच्या दिवशी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभी असते. एका हॉस्पिटलमधला (नाव घेत नाही) एक दिवस डोक्यातून जात नाही. सकाळची पहिली केस, पेशंट लांबच्या तालुक्यातून आलेला, नातेवाईक रात्रीपासून बाहेरच्या बाकावर. ट्रेमध्ये कात्री चकचकीत, धार शाबूत, हातात घेतली तर नवीनच वाटावी, पण मशीन ती घेईना, कारण तिचे ठरावीक वापर संपून चिपवरची मोजणी शून्यावर आलेली आणि नवीन कात्री घ्यायला त्या वर्षी पैसेच मंजूर नव्हते. केस लॅप्रोस्कोपीने (छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीने) झाली, पेशंट बरा होऊन घरी गेला, पण त्यानंतर कित्येक महिने तो रोबोट कव्हर घालून कोपऱ्यात उभा होता. कोट्यवधींचा सरकारी पैसा एका कात्रीपाशी अडला. हे टाळता येतं आणि त्यासाठी फार हुशारी लागत नाही, क्रम पाळावा लागतो.

हा लेख सरकारी मेडिकल कॉलेज, महापालिकेची मोठी हॉस्पिटल्स आणि सरकारी आरोग्य योजनेत काम करणारी ट्रस्ट हॉस्पिटल्स यांच्यासाठी आहे. दा विंची, एसएसआय मंत्रा, ह्यूगो, व्हर्सियस यापैकी कुठलंही मशीन घ्या, पायऱ्या त्याच राहतात.

पायरी १ : ओटी रजिस्टर काढा आणि केसेस मोजा

सर्जनच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी आदराने सांगतेय, कारण कुणीही विचारलं की माणूस आपल्या सगळ्यात व्यस्त महिन्याचाच आकडा सांगतो. गेल्या २४ महिन्यांचं ओटी रजिस्टर घ्या आणि प्रत्येक डिपार्टमेंटची फक्त तीच ऑपरेशन्स मोजा जी रोबोटवर जाऊ शकतात, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सर, किडनीचा फक्त गाठीपुरता भाग काढणं, रेक्टमचा (गुदाशयाचा) कॅन्सर, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, अशी. मग त्यातून वजाबाकी करा. इमर्जन्सीच्या केसेस गेल्या, जनरल अॅनेस्थेशियाला अनफिट गेल्या, उशिरा आल्यामुळे ऑपरेशनच्या पलीकडे गेलेले गेले (आपल्याकडे प्रोस्टेटमध्ये हा आकडा मोठा असतो), आणि तुमचा सर्जन आज जे ऑपरेशन करतच नाही तेही गेलं. रोबोट आला की पेशंट येतील हा हिशेब धरू नका, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने २०१४ च्या प्रोस्टेट कॅन्सरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलं होतं की वर्षाला किमान १५० रोबोटिक प्रोस्टेट ऑपरेशन्स होतील अशाच सेंटरला रोबोट द्यावा, नाहीतर खर्च परवडत नाही. आपल्या एखाद्या कॉलेजमध्ये एकट्या युरोलॉजीच्या जोरावर १५० होणं कठीण आहे, त्यामुळे युरो (मूत्रविकार), ऑन्को (कॅन्सर), गायनॅक (स्त्रीरोग), गॅस्ट्रो (पोटविकार) असे तीन-चार विभाग पहिल्या दिवसापासून एकत्र आले पाहिजेत. रोबोट एका विभागाच्या नावावर घेतला की बाकीच्यांना आठवड्याचा वारच मिळत नाही आणि मशीन चार दिवस रिकामं राहतं.

तपासा : प्रत्येक विभागप्रमुखाच्या सहीने लेखी आकडा मिळाला का? आठवड्याचे वार वाटून ठरले का? सगळं धरून वर्षाला २०० च्या बराच खाली आकडा येत असेल तर माझं स्पष्ट मत आहे की इथेच थांबा आणि तेच पैसे लॅप्रोस्कोपीचे चांगले सेट, अॅनेस्थेशिया वर्कस्टेशन आणि सीएसएसडीवर (इन्स्ट्रुमेंट धुऊन निर्जंतुक करणाऱ्या विभागावर) लावा, पेशंटचं जास्त भलं होईल.

पायरी २ : काय करायचं आणि काय नाही, याची लेखी यादी

ही पायरी बहुतेक जण गाळतात कारण ती अवघड आहे, सीनिअर माणसाला नाही म्हणावं लागतं. पण पैसा लोकांचा आहे.

तीन गोष्टी समितीसमोर ठेवा. एक, २०१८ ची एलएसीसी ट्रायल. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीने किंवा रोबोटने रॅडिकल हिस्टेरेक्टॉमी (गर्भाशय आणि आजूबाजूचा भाग काढणं) झालेल्या बायकांमध्ये साडेचार वर्षांनी आजारमुक्त राहण्याचं प्रमाण ८६ टक्के आलं आणि पोट उघडून केलेल्यांमध्ये ९६.५ टक्के. आपल्याकडे हा कॅन्सर इतका जास्त आहे की गायनॅकवाले पहिली केस म्हणून हाच घ्यायला बघतात, त्यामुळे यादीत ठळक अक्षरात "नाही" लिहा. दोन, रेक्टमच्या कॅन्सरमधली २०१७ ची रोलार ट्रायल, ४७१ पेशंट. मधेच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ८.१ आणि लॅप्रोस्कोपीत १२.२ टक्के आलं, पण आकडेशास्त्राच्या कसोटीवर तो फरक ठाम ठरला नाही. म्हणजे चांगली लॅप्रोस्कोपी करणाऱ्या सर्जनच्या हातून रोबोटने चमत्कार होईल असं प्रस्तावात लिहू नका, अवघड पेल्व्हिस (ओटीपोटाची पोकळी), जाड पेशंट, असे निवडक पेशंट लिहा. तीन, अमेरिकेच्या एफडीएने (औषध आणि उपकरण नियामक) २०१९ मध्ये स्तन काढण्याच्या आणि कॅन्सरच्या रोबोटिक ऑपरेशन्सबाबत सावधगिरीची सूचना काढली होती, तीही फाईलला लावा.

आणि साधं पित्ताशय, अपेंडिक्स, साधा हर्निया रोबोटवर सरसकट घेऊ नका. नवीन सर्जनच्या पहिल्या काही केसेससाठी घेतलं तर समजू शकते, पण आकडा फुगवायला घेतलं तर प्रत्येक पित्ताशयामागे इन्स्ट्रुमेंटची लाईफ (ठरलेल्या वापरांतला एक वापर) जाते आणि वर्षाअखेरीला कॅन्सरच्या पेशंटला ती कमी पडते.

पायरी ३ : आठ वर्षांचा हिशेब एका पानावर

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळी गाडी इथेच अडते. खालचे आकडे मी फक्त उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही कोटेशनमधून भरा, पण पद्धत हीच ठेवा.

समजा मशीन १२ कोटींचं. आयुष्य ८ वर्षं धरलं तर वर्षाला दीड कोटी. पहिली दोन वर्षं वॉरंटी, तिसऱ्या वर्षापासून सर्वसमावेशक देखभाल करार म्हणजे सीएमसी, तो किमतीच्या ८ टक्के धरला तर वर्षाला ९६ लाख. म्हणजे तिसऱ्या वर्षी एकही पेशंट टेबलवर न घेता २ कोटी ४६ लाख खर्च. हे १०० केसेसमध्ये वाटलं तर केसमागे २ लाख ४६ हजार. २५० मध्ये वाटलं तर ९८ हजार ४००.

आता इन्स्ट्रुमेंट. हे समजून घ्या कारण खरेदी विभागाला हे लॅप्रोस्कोपीच्या कात्रीसारखं वाटतं, की एकदा घेतली की मोडेपर्यंत चालेल. बऱ्याच सिस्टिममध्ये प्रत्येक इन्स्ट्रुमेंटला ठरावीक वापर असतात, काहींना १०, काहींना त्याहून जास्त, आणि ती मोजणी इन्स्ट्रुमेंटमधल्या चिपवर होते. आर्मला लावून पेशंटवर वापरलं की एक लाईफ गेली, मग त्याने एक टाका घातला असो की शंभर. समजा एक इन्स्ट्रुमेंट १ लाख ८० हजारांचं आणि १० लाईफ, म्हणजे दर वेळी १८ हजार. एका केसला तीन लागली तर ५४ हजार, त्यावर आर्मचे ड्रेप (निर्जंतुक कव्हर), टिप कव्हर, कॅन्युला सील धरून ७० हजार. स्टेपलर आणि व्हेसल सीलर (रक्तवाहिनी बंद करणारं) यात नाहीत, ती एकदाच वापरायची असतात आणि वेगळी मोजायची.

म्हणजे १०० केसेसवर एकूण केसमागे ३ लाख १६ हजार आणि २५० केसेसवर १ लाख ६८ हजार ४००. आणि २५० केसेस करायच्या तर तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी सीएमसीचे ९६ लाख अधिक इन्स्ट्रुमेंटचे १ कोटी ७५ लाख, असे २ कोटी ७१ लाख महसुली खर्चाचे लागणार. हा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर, मशीनच्या किमतीच्या बरोबर खाली, तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा. शेवटच्या पानावरच्या परिशिष्टात गेला की तो कुणीही वाचत नाही.

बचत कुठे होते तेही इथेच सांगते. सर्जननी टाके घालताना दोन नीडल ड्रायव्हरऐवजी (सुई धरणारं इन्स्ट्रुमेंट) एकच घेतला आणि दुसऱ्या हातात आधीच लावलेला फोर्सेप्स (चिमटा) ठेवला तर त्या केसला सरळ एक लाईफ वाचते, या उदाहरणात १८ हजार. वर्षाला २५० केसेसमध्ये याचे ४५ लाख होतात. प्रत्येक ऑपरेशनसाठी कुठली इन्स्ट्रुमेंट लावायची त्याचा एक ठरलेला सेट लिहून ओटीच्या भिंतीवर लावा, आणि त्याबाहेरचं उघडायचं असेल तर कन्सल्टंटने स्वतः सांगावं लागेल असा नियम करा.

सावधान : "मशीन फुकट देतो, फक्त इन्स्ट्रुमेंट आमच्याकडून घ्या" किंवा केसमागे भाडं अशी ऑफर आली तर करारात वर्षाच्या किमान केसेसची अट आहे का ते शोधा. तेवढ्या केसेस झाल्या नाहीत तरी पैसे द्यावे लागतात आणि सरकारी हॉस्पिटलमध्ये संप, बदल्या, साथ, निवडणुकीची ड्युटी यातलं काहीतरी दरवर्षी येतंच.

पायरी ४ : पैसे कुठून, आणि कुठल्या हेडमधून

मशीन घ्यायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत, ही आपली मुख्य अडचण. राज्याच्या बजेटमध्ये यंत्रसामग्रीचं उद्दिष्ट, म्हणजे खर्चाचं हेड, वेगळं (५२) आणि साहित्य व पुरवठ्याचं वेगळं (२१), त्यामुळे पहिल्यात भरघोस तरतूद मिळाली म्हणून दुसऱ्यात आपोआप काही वाढत नाही. जिल्हा नियोजन समितीकडून किंवा कंपन्यांच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) मशीन आलं तरी तेच, देणारा एकदा देतो, फोटो होतो, आणि तिसऱ्या वर्षीचा सीएमसीचा चेक तुमच्या नावावर राहतो. सीएसआरवाल्यांशी बोलताना मी नेहमी सांगते की मशीनच्या रकमेतला भाग कमी करा पण पाच वर्षांची इन्स्ट्रुमेंट आणि सीएमसी त्यातच धरा, आणि तसं सामंजस्य करारात लिहून घ्या. पटवून सांगितलं की बरेच जण तयार होतात, आपण मागतच नाही.

आता योजनेबद्दल. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण क्लेम मिळतो तो पॅकेजचा, आणि पॅकेज ऑपरेशनवर ठरतं, तुम्ही रोबोट लावला म्हणून ते आपोआप वाढत नाही. त्यामुळे प्रस्तावात "योजनेतून खर्च भागेल" असं एक वाक्य टाकून मोकळे होऊ नका. प्रत्येक ऑपरेशनचं सध्याचं पॅकेज, आपला केसमागचा खर्च, आणि मधला फरक असा तक्ता करा, आणि तो फरक कोण भरणार हे नावानिशी लिहा. क्लेममधला जो हिस्सा नियमाप्रमाणे हॉस्पिटलला साहित्यावर वापरता येतो तो किती हेही लेखा विभागाकडून लेखी घ्या.

सावधान : हा फरक पेशंटकडून घ्यायचा नाही. योजना कॅशलेस आहे, लाभार्थ्याकडून वरचे पैसे मागणं नियमात बसत नाही, आणि "इन्स्ट्रुमेंट बाहेरून आणा" अशी चिठ्ठी देणं म्हणजे तेच. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आहे तो माणूस ती गहाण टाकून तुमची कात्री आणेल, कारण डॉक्टरांनी सांगितलंय.

तुमच्याकडे पेइंग वॉर्ड असेल तर खाजगी इन्शुरन्सचे पेशंटही येतील. आयआरडीएआयने (विमा नियामक) २०१९ च्या सूचनांमध्ये रोबोटिक सर्जरी आधुनिक उपचारांच्या यादीत घातली, कंपनीला ती सरसकट वगळता येत नाही, पण मर्यादा घालता येते. आरोग्य संजीवनी पॉलिसीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत पाहिजे, म्हणजे पेशंटला डिस्चार्जच्या दिवशी धक्का बसत नाही.

आणि मार्चएंड. फेब्रुवारीत तरतूद आली आणि ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायची म्हणून घाईघाईत ऑर्डर, हे रोबोटच्या बाबतीत करू नका. पुढच्या पायरीला निदान चार-सहा महिने लागतात.

पायरी ५ : जागा, वीज आणि सीएसएसडी

कंपनीचा माणूस येऊन "सर, ओटी चालेल" म्हणतो त्यावर थांबू नका. पेशंट कार्ट (आर्म असलेला भाग), कन्सोल आणि व्हिजन कार्ट (कॅमेरा-स्क्रीनचा भाग) यांची मापं मागवा, पांढरी चिकटपट्टी घ्या आणि ओटीच्या फरशीवर तिन्हींचे आकार खरोखर आखा. मग टेबल, अॅनेस्थेशिया मशीन, सिस्टरची ट्रॉली, सक्शन सगळं जागेवर ठेवा आणि एका माणसाला टेबलवर झोपवून स्ट्रेचर आत-बाहेर करून बघा. आम्ही एके ठिकाणी असं केलं तेव्हा लक्षात आलं की कार्ट डॉक केल्यावर, म्हणजे पेशंटपाशी आणून आर्म जोडल्यावर, अॅनेस्थेशियावाल्याला पेशंटच्या डोक्याशी पोचायला हातभर जागाही उरत नाही. टेबल फिरवून प्रश्न सुटला, पण तो पट्टीवर सुटला, मशीन आल्यावर सुटला नसता. कार्टचं वजन काही मॉडेल्समध्ये ८०० किलोच्या आसपास जातं, त्यामुळे लिफ्टची क्षमता, लिफ्टच्या दाराची रुंदी, कॉरिडॉरमधली वळणं, ओटीच्या उंबऱ्यापाशी उचकटलेली फरशी, आणि जुनी इमारत असेल तर स्लॅबबद्दल सार्वजनिक बांधकाम विभागाचं पत्र, हे सगळं आधी.

वीज स्वतंत्र सर्किटवर, अर्थिंग तपासलेलं, यूपीएस आणि जनरेटर असा दुहेरी आधार. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणात, ओटीतली आर्द्रता सांभाळली गेली नाही तर दमट हवेत कनेक्टर आणि लेन्स दोन्ही त्रास देतात, एसी नुसता थंड करतो की दमटपणाही काढतो ते मोजून बघा.

सीएसएसडी ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. रोबोटिक इन्स्ट्रुमेंटच्या आत बारीक केबल आणि पोकळ नळी असते, वरून पुसून ते स्वच्छ होत नाही. फ्लश पोर्टमधून पाणी सोडायचं, एन्झाइमच्या द्रावणात भिजवायचं, ब्रश करायचं, अल्ट्रासॉनिकमध्ये घालायचं, पुन्हा फ्लश, वाळवणं, मग स्टरिलायझेशन, आणि दुर्बिणीला बहुतेक वेळा ऑटोक्लेव्ह चालत नाही, तिला कमी तापमानाची प्लाझ्मा पद्धत लागते. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली वेळ घ्या आणि स्टॉपवॉच लावून एक ट्रे धुवून बघा. दिवसाला दोन केसेस करायच्या तर दुर्बिणी दोन आणि इन्स्ट्रुमेंटचे सेट किमान दोन लागणार, हे त्या स्टॉपवॉचवरूनच कळतं. नाहीतर दुसरी केस चार वाजता सुरू होते आणि मग कुणीतरी धुण्यातला वेळ वाचवतं.

तपासा : पट्टी आखून चाचणी झाली? बांधकाम आणि विद्युत विभागाचं पत्र आलं? प्लाझ्मा स्टरिलायझर चालू स्थितीत आहे? तिन्हीचं उत्तर हो असेल तरच पुढे.

पायरी ६ : आता स्पेसिफिकेशन आणि टेंडर

कंपनीचं ब्रोशर कॉपी करून स्पेसिफिकेशन बनवलं की एकच बिडर पात्र ठरतो, बाकीचे तक्रार करतात, आणि फाईल वर्षभर फिरते. स्पेसिफिकेशन कामाच्या भाषेत लिहा, म्हणजे किती आर्म, मनगटासारखी वळणारी इन्स्ट्रुमेंट, थ्रीडी दृश्य, सिम्युलेटर, कुठली ऑपरेशन्स व्हायला हवीत, सीडीएससीओची (केंद्रीय औषध आणि उपकरण नियामक) परवानगी कुठल्या वापरासाठी आहे. शेवटचा मुद्दा नीट वाचा, परवानगीचा कागद असणं आणि तुमच्या ऑपरेशनसाठी परवानगी असणं वेगळं. राज्याची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमावली, केंद्राचा निधी असेल तर २०१७ चे जनरल फायनान्शियल रूल्स, आणि २०१७ चा मेक इन इंडिया प्राधान्याचा आदेश, यातलं तुम्हाला काय लागू आहे ते आधीच लेखा विभागाकडून लेखी घ्या. एकाच कंपनीकडून थेट घेण्याच्या मार्गाला जाऊ नका, आता बाजारात एकापेक्षा जास्त सिस्टिम आहेत आणि "दुसरं कुणी बनवतच नाही" हे ऑडिटला पटणार नाही.

टेंडरमध्ये या गोष्टी नसतील तर सही करू नका, मी तरी करत नाही:

- किमतीची तुलना फक्त मशीनवर नाही, तर मशीन अधिक वॉरंटीनंतरची पाच वर्षांची सीएमसी अधिक ठरावीक केसेसची इन्स्ट्रुमेंट, अशा एकूण रकमेवर. नाहीतर मशीन स्वस्त दाखवून कात्रीवर वसूल करतात.
- इन्स्ट्रुमेंटचे दर आणि लाईफची संख्या निदान पाच वर्षांसाठी गोठवलेली.
- वर्षाला ९५ टक्के अपटाइम (मशीन चालू असण्याचा वेळ), कमी पडला तर दंड आणि तेवढी वॉरंटी वाढवून.
- इंजिनिअर किती तासांत पोचणार. पुणे-मुंबई सोडून जे आहेत त्यांनी हे ठळक लिहा.
- लाईफ शिल्लक असताना इन्स्ट्रुमेंट बिघडलं तर उरलेल्या वापरांची भरपाई.
- किती सर्जन, किती सिस्टर, किती टेक्निशियनना ट्रेनिंग, आणि बदलून येणाऱ्या नवीन माणसांनाही पुन्हा ट्रेनिंग, त्याच किमतीत.

प्री-बिड मीटिंगमध्ये (टेंडर भरण्याआधीच्या) कंपन्या यातल्या अर्ध्या अटी काढायला सांगतील. पहिल्या दोन काढू नका, बाकी ठिकाणी थोडं मागेपुढे चालेल. डेमो घ्यायचा तर तुमच्याच सीएसएसडीच्या सिस्टरलाही बोलवा, तिचे प्रश्न सर्जनपेक्षा वेगळे असतात आणि बहुतेक वेळा जास्त कामाचे.

पायरी ७ : माणसं, मशीनच्या आधी

ऑर्डर गेल्यापासून मशीन येईपर्यंतचा काळ ट्रेनिंगचा. आठ सर्जनना एकदम तयार करायला जाऊ नका, प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यात एक केस येते आणि कुणाचाच हात बसत नाही. सुरुवातीला दोन, फार तर तीन, ज्यांची लॅप्रोस्कोपी आधीच चांगली आहे. क्रम असा ठेवा: सिम्युलेटर, मग दुसऱ्या सेंटरवर बघणं, मग टेबलपाशी असिस्ट करणं, मग अनुभवी सर्जन शेजारी उभा असताना स्वतः कन्सोलवर. असिस्ट करण्याचा टप्पा सीनिअर लोक टाळतात, टाळू देऊ नका, आर्म एकमेकांवर कसे आपटतात ते टेबलपाशीच कळतं.

आणि बदल्या. हा मुद्दा कुठल्याच परदेशी गाइडमध्ये सापडणार नाही पण आपल्याकडे याने प्रोग्रॅम बंद पडतात. ट्रेनिंग घेतलेली स्क्रब सिस्टर मे महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात जाते, सर्जनची दुसऱ्या कॉलेजला ऑर्डर निघते, टेक्निशियन कंत्राटी असतो तो सोडून जातो. प्रस्तावाच्या मंजुरीतच निदान तीन वर्षं रोबोटच्या टीमला बदलीतून सूट मिळावी अशी मागणी घाला, आणि प्रत्येक कामासाठी दोन माणसं तयार ठेवा. मी एका सिस्टरना आर्मला ड्रेप घालताना बघितलंय, प्लास्टिकचं बाहीसारखं लांब कव्हर, एक चाकी जागेवर टक् करून बसेपर्यंत दोन बोटांनी दाबायची, हात कुठेच लागू द्यायचा नाही, चार आर्म दहा मिनिटांत. हे महिन्याभराच्या सरावाने आलेलं होतं. त्या बदलून गेल्या आणि त्याच कामाला पुन्हा अर्धा तास लागायला लागला.

पायरी ८ : पहिल्या केसेस

पहिल्या केसच्या आधी पुतळ्यावर किंवा रिकाम्या टेबलवर इमर्जन्सी अनडॉकिंगची (रोबोट पेशंटपासून झटकन सोडवण्याची) ड्रिल करा. पेशंटला कार्डिअॅक अरेस्ट आला किंवा मोठी शीर फाटली तर इन्स्ट्रुमेंट बाहेर, आर्म वर, कार्ट मागे, हे कोण कुठल्या क्रमाने करणार ते मोठ्याने बोलत बोलत करा, घड्याळ लावून, मिनिटाच्या आसपास येईपर्यंत. वीज गेली आणि इन्स्ट्रुमेंटचा जबडा टिश्यूला धरून अडकला तर हाताने सोडवायची चावी असते, ती कुठल्या खणात आहे हे ओटीतल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. पोट उघडायचा सेट प्रत्येक केसला आत, बाहेरच्या रूममध्ये नाही.

अॅनेस्थेशियावाल्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या. पेल्व्हिसच्या केसेसमध्ये डोकं खूप खाली असतं, दोन-तीन तास, चेहऱ्याला सूज येते, पेशंट डोक्याच्या दिशेने सरकतो, डोळे नीट झाकले नाहीत तर बुबुळाला इजा होते, आणि बऱ्याच सिस्टिममध्ये डॉक केल्यावर टेबल हलवता येत नाही. त्यामुळे आयव्ही लाइन, पॅडिंग, पट्टे हे सगळं डॉकिंगच्या आधी दोघांनी मिळून तपासायचं.

पहिल्या २० केसेस सोप्या निवडा, दिवसाला एकच ठेवा, आणि उद्घाटनाच्या दिवशी मोठा कॅन्सर घेऊ नका. पाहुणे, कॅमेरे, गर्दी, यात टीमचं लक्ष जातं, आणि टेबलवर ज्याचं पोट आहे त्याने हे काही मागितलेलं नसतं. पेशंटला संमती घेताना मराठीत, सावकाश, हेही सांगा की मशीन स्वतः ऑपरेशन करत नाही, डॉक्टरच करतात, ही डॉक्टरांची सुरुवातीची केस आहे, आणि नेहमीच्या पद्धतीने करायचा पर्याय आहे.

पायरी ९ : रजिस्टर, पहिल्या दिवसापासून

इंग्लंडमध्ये नाइसने एप्रिल २०२५ मध्ये ११ रोबोटिक सिस्टिम्सना वापराची परवानगी दिली ती तीन वर्षांसाठी, आणि त्या काळात पुरावा गोळा करायचा या अटीवर. तिथल्या एनएचएसचं (सरकारी आरोग्य सेवेचं) २०३५ पर्यंत वर्षाला ५ लाख रोबोटिक ऑपरेशन्सचं उद्दिष्ट आहे, तरीही आधी आकडे दाखवा म्हणतात. आपल्यावर अशी सक्ती नसली तरी आपण स्वतःहून ठेवायचं.

एक साधी वही किंवा एक्सेल पुरे: डॉकिंगला किती वेळ, कन्सोलवर किती वेळ, रक्त द्यावं लागलं का, पोट उघडावं लागलं का आणि का, किती दिवसांनी घरी, ३० दिवसांत परत अॅडमिट झाला का, कुठल्या इन्स्ट्रुमेंटच्या किती लाईफ गेल्या, केसचा एकूण खर्च, क्लेम किती मिळाला. शेजारच्या रकान्यात त्याच ऑपरेशनचे तुमचे लॅप्रोस्कोपीचे आकडे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तास बसायचं, सर्जन, अॅनेस्थेशिया, ओटी सिस्टर, सीएसएसडी, स्टोअर आणि लेखा, सगळे. लाईफ संपत आलेली इन्स्ट्रुमेंट स्टोअरला त्याच मीटिंगमध्ये कळवायची, कारण खरेदीला तीन महिने लागतात आणि कात्री आज संपते.

सहा महिन्यांनी एखाद्या ऑपरेशनमध्ये रोबोटचे आकडे लॅप्रोस्कोपीपेक्षा चांगले नसतील आणि खर्च दुप्पट असेल तर ते ऑपरेशन यादीतून काढा आणि तो वार दुसऱ्या विभागाला द्या.

आणि कॅलेंडरवर एक तारीख आजच लिहून ठेवा: वॉरंटी संपायच्या नऊ महिने आधीचा दिवस. त्या दिवशी सीएमसीच्या मंजुरीची फाईल टेबलवरून निघाली पाहिजे, सोबत या रजिस्टरची झेरॉक्स लावून, कारण तोपर्यंत अधिष्ठाता बदललेले असतील, लेखाधिकारी नवीन असतील, आणि हे पैसे का लागतात ते त्यांना त्या पानांवरूनच कळणार आहे.